पंचकाकांना विचारा: मागच्या पानावरची ती एक ओळ

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो, की पाऊस ओसरला, क्रिकेटची मॅट पसरली, आता भांडणं सुरू होतील. तेव्हा नियमांचं काही अडलं असेल तर आधीच विचारून घ्या. पत्रांचा गठ्ठाच आला. वाचता वाचता लक्षात आलं, की निम्म्याहून जास्त भांडणांचं मूळ एकच आहे. स्पर्धेच्या प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर छापलेली ओळ: ‘सर्व सामने आयसीसीच्या नियमांनुसार खेळवले जातील.’ त्या ओळीचा समाचार शेवटी घेतो. आधी पत्रं.

पंचकाका, मी तासगावचा, क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करतो. लीगच्या सामन्यात शेवटच्या षटकात समोरच्यांना चार धावा हव्या होत्या. नॉनस्ट्रायकर, म्हणजे माझ्या बाजूला उभा असलेला फलंदाज, दर चेंडूला दोन पावलं आधीच निघत होता. मी थांबलो, बेल्स पाडल्या, अपील केलं. पंचांनी बोट वर केलं, पण आमच्याच कॅप्टननं त्याला परत बोलावलं. सामना हरलो आणि आता ग्रुपवर ‘रडीचा डाव’ म्हणून मलाच ऐकवतायत. माझं चुकलं का?

नाही चुकलं. रडीचा डाव खडी म्हणतात ते खरं, पण इथं रडी कोण खेळत होतं? दोन पावलं फुकटात घेणारा, की ती मोजणारा?

हा प्रकार आजचा नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत आपल्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच धावबाद केलं, आणि तेव्हापासून या बाद होण्याला मांकड यांचंच नाव चिकटलं. गंमत म्हणजे ब्राउनचा कॅप्टन, खुद्द ब्रॅडमननं मांकड यांची बाजू घेतली होती. त्याच दौऱ्यात पुढं आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं ठोकली. ते किती जणांना आठवतं? ब्राउनचं बाद होणं मात्र पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ चघळलं जातंय.

आता कायद्याचं. पूर्वी हे कलम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणात होतं. त्यामुळं बाद करणाऱ्यानंच काही पाप केलंय असा वास त्याला यायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीनं (क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा मेरिलबोन क्लब) ते उचलून सरळ ‘धावबाद’च्या प्रकरणात ठेवलं. कलमाचा अर्थ तोच राहिला, बदललं ते घर. गोलंदाजानं आधी ताकीद द्यावी असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. ‘एकदा तरी सांगायचं की वो’ असं लोक म्हणतात, ते सौजन्य झालं. दाखवलंत तर चांगलंच, पण ते तुमच्या खुशीवर.

एक बारकावा मात्र नीट समजून घ्या, कारण इथंच आपली पोरं फसतात. तुमचा हात नेहमीच्या ॲक्शनमध्ये सगळ्यात उंच जातो, तिथवरच तुम्हाला ही संधी असते. हात वरून खाली यायला लागला, की संपलं. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश स्पर्धेत ॲडम झॅम्पानं पूर्ण हात फिरवून मग बेल्स पाडल्या, तर फलंदाज नाबाद ठरला. टाकायचं नाटक करून, समोरचा निघाला की मागं वळायचं, हे चालत नाही. आणि बाद झाला किंवा न झाला, तो चेंडू षटकात धरत नाहीत. विकेटही गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. स्कोअरशीटवर नुसतं ‘धावबाद’.

तुमचा कॅप्टन? त्याला अपील मागं घ्यायचा अधिकार आहे, पंचांच्या संमतीनं आणि पुढचा चेंडू सुरू व्हायच्या आत. त्यानं तो वापरला. तुमचा राग त्याच्यावर असू द्या, नियमावर नको.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. टीव्हीवर हा प्रसंग घडला की तिसरा पंच दहा वेळा मागं-पुढं करून बघतो. आपल्याकडं कोण बघतं? मी गेली अनेक वर्षं पंच म्हणून उभा राहतोय, म्हणून सांगतो. गोलंदाज धावत आला की माझी नजर आधी त्याच्या पुढच्या पायावर, आणि पाय पडला की लगेच समोरच्या फलंदाजाच्या पॅडवर. नॉनस्ट्रायकरची बॅट या दोन नजरांच्या मधल्या फटीत असते. त्यात मॅटवरची क्रीजची खडूची रेघ पंधराव्या षटकापर्यंत बुटांनी पुसून गेलेली. दोन वर्षांपूर्वी असंच एक अपील झालं आणि मी मान हलवून ‘नाबाद’ म्हटलं. गोलंदाज बिचारा हात जोडून म्हणाला, “काका, हातभर बाहेर हुता की वो!” असेलही. मी बघितलंच नव्हतं, आणि जे बघितलं नाही ते देता येत नाही. त्या दिवसापासून खिशात चेंडू मोजायच्या सहा चिंचोक्यांबरोबर एक खडूचा तुकडा ठेवतो आणि दर पाच षटकांनी दोन्हीकडची रेघ पुन्हा ओढतो.

आणि हे तरी मी, त्रयस्थ. बऱ्याच सामन्यांत पंच कोण असतो? फलंदाजी करणाऱ्या संघाचाच आठव्या नंबरचा, पॅड बांधून उभा राहिलेला. त्याला आपल्याच माणसाविरुद्ध बोट वर करायला लावायचं! तुमच्या सामन्यात ते वर झालं, त्या पंचाला माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी नॉनस्ट्रायकर लवकर निघतोय असं वाटलं, तर त्याला नाही, पंचाला जाऊन सांगा: “जरा तिकडं लक्ष असू द्या.” ही ताकीद नव्हे. पंचाची नजर त्या फटीत आणायची एवढंच.

मी मिरजेचा, वय बावन्न. डावा गुडघा कामातून गेलाय पण बॅट अजून चालते. परवा रनर (माझ्याऐवजी पळणारा) मागितला तर समोरचा कॅप्टन म्हणाला, ‘रनर आयसीसीनं कधीच बंद केला.’ खरं का?

तो अर्धं खरं बोलला. तुम्ही उरलेलं अर्धंही तुमच्या सोयीचं समजू नका.

आयसीसीनं आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर २०११ मध्ये काढला. एमसीसीच्या कायद्यात तो आजही आहे. म्हणजे तुमची स्पर्धा एमसीसीच्या कायद्यांवर चालत असेल तर रनर मिळू शकतो. पण अट अशी, की दुखापत त्याच सामन्यात झालेली पाहिजे. घरून आणलेल्या गुडघ्याला रनर नाही, काका! (तुम्ही माझ्याहून लहानच असाल, पण बावन्न म्हटल्यावर काका म्हणायचा मोह होतो.)

सामन्यातच स्नायू धरला, तर रनर तुमच्याच संघातला हवा, शक्यतो आधी फलंदाजी करून झालेला, आणि तुम्ही बांधलंय ते सगळं त्यानंही बांधायचं: पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, हातात बॅट. शॉर्ट्स घालून चपळ पोरगं पाठवायचं नाही. आणि स्ट्राइकवर असताना सवयीनं चार पावलं पुढं पळालात, तर रनर कुठंही असो, किपरच्या बाजूच्या बेल्स पडल्या की तुम्ही बाद. हे मी डोळ्यानं बघितलंय. रनर बिचारा क्रीजमध्ये सुरक्षित उभा आणि हे महाशय सगळं विसरून पिचच्या मध्यात, लंगडत.

तुमच्या वयोगटाच्या सामन्यात रनरला माझी काही हरकत नाही. पण ते दोन्ही कॅप्टननी टॉसच्या आधी ठरवायचं, गुडघा दुखल्यावर नाही.

सर, मी सांगलीत कॉलेजला आहे, स्वतः खेळते आणि दादाच्या क्लबचं स्कोअरिंगही करते. झेल उडाला असताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं तर नवा फलंदाज नॉनस्ट्रायकरला येणार ना? दर सामन्यात यावरून माझ्या टेबलाभोवती गर्दी होते.

नाही बाळ. होतं तसं, आता नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून झेलबाद झाल्यावर नवा फलंदाज त्याच टोकाला येतो जिथं बाद झालेला होता. म्हणजे पुढचा चेंडू त्यानंच खेळायचा. ओलांडलं की नाही हा प्रश्नच उरला नाही. षटकाचा शेवटचा चेंडू असेल तर अर्थात टोक बदलतं, आणि समोरचा खेळतो. हा प्रयोग आधी २०२१ मध्ये इंग्लंडच्या ‘द हंड्रेड’ स्पर्धेत करून बघितला गेला.

हा बदल आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाचा आहे, असं मी छातीठोक सांगेन. झेल हवेत असताना पंच कुठं बघतो? चेंडूकडं. सगळं मैदान चेंडूकडं बघतं. फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं का, हे बघायला एकही डोळा मोकळा नसतो. मग उरतं ते ओरडणं. मी स्वतः अशा प्रसंगी कित्येकदा अंदाजानं बोट दाखवलंय, आणि ज्याच्या विरुद्ध गेलं त्यानं चहाला माझ्याशेजारी बसणं सोडलंय. तो अंदाज आता लागत नाही. आणखी एक लबाडी बंद झाली: शेपटाला आलेल्यानं (शेवटच्या फलंदाजांपैकी) बॅट उंच घुमवायची, झेल गेला तर गेला, पण पळून सेट झालेल्याला स्ट्राइक द्यायचा.

पण हे फक्त झेलासाठी. धावबादला पूर्वीसारखंच, कुठं कोण पोचलं होतं ते बघावं लागतं. टेबलावर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव: ‘झेल = नवा खेळणार.’ गर्दी निम्मी होईल.

जाता जाता. तू पत्रात ‘बॅट्समन लिहू की बॅटर’ असंही विचारलंयस. एमसीसीनं सप्टेंबर २०२१ मध्ये कायद्यात ‘बॅटर’ केलं. माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाचा खेळ बघून मोठ्या झालेल्या पोरींना ‘बॅट्समन’ खटकणारच. आपल्या मराठीचं बरंय, ‘फलंदाज’ पहिल्यापासून आहे. फलंदाज आला, फलंदाज आली. आपल्याला काही बदलावंच लागलं नाही.

विटा. आमच्या मैदानात कुत्री येतात. परवा चेंडू चौकाराला चालला होता, कुत्र्यानं तोंडात धरला आणि पळालं. चार द्यायचे का?

कुत्रं मध्ये आलं नसतं तरी चेंडू सीमारेषेपर्यंत गेलाच असता, असं दोन्ही पंचांना वाटलं तर चार द्यायचे, नाहीतर नाही. २०२२ च्या बदलात याची स्पष्ट सोय केलीय: मैदानात शिरलेला माणूस, जनावर किंवा एखादी वस्तू यामुळं कुठल्याही एका बाजूचं लक्षणीय नुकसान होत असेल, तर पंचानं ‘डेड बॉल’ पुकारायचा. एमसीसीला लॉर्ड्सवर कुत्री किती दिसतात माहीत नाही, पण हे कलम विट्यासाठीच लिहिल्यासारखं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही सांगतो: ऑक्टोबरात सीमारेषेच्या आतच गुडघाभर गाजरगवत, आणि त्यात चेंडू हरवतो. ‘चेंडू हरवला, सहा धावा’ हा जुना हिशेब २०१७ च्या नव्या संहितेनं काढून टाकला. आता हरवला की डेड बॉल, आणि पळून काढल्या तेवढ्याच धावा. आदल्या दिवशी गवत कापून घ्या. त्याला नियम लागत नाही, विळा लागतो.

कवठेमहांकाळ. आमचा पुढचा फलंदाज वडापाव खात होता. तो पॅड बांधून येईपर्यंत समोरच्यांनी ‘टाइम्ड आऊट’ (वेळेत न आल्याबद्दल बाद) मागितलं आणि पंचांनी दिलं! ‘मॅथ्यूजला दोन मिनिटांत दिलं, तुम्हाला तर पाच झाली’ म्हणाले. गावच्या सामन्यात असं करतात का?

वडापावबद्दल मला सहानुभूती आहे, पण पाच मिनिटं म्हणजे कायद्यानं बादच.

फक्त आकडा दुरुस्त करून घ्या. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत, विश्वचषकात, श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला पहिला टाइम्ड आऊट झाला. तो मैदानात आला होता, हेल्मेटचा पट्टा तुटला, आणि बांगलादेशच्या शाकिबनं अपील केलं. तिथं मर्यादा दोन मिनिटांची होती, कारण ती त्या स्पर्धेची अट होती. एमसीसीच्या कायद्यात तीन मिनिटं आहेत. आणि त्या तीन मिनिटांत नुसतं मैदानात पाऊल ठेवून भागत नाही; नवा फलंदाज खेळायला तयार पाहिजे, किंवा पुढचा चेंडू समोरच्याला असेल तर तो.

आता आपली परिस्थिती बघा. क्लबचं किट म्हणजे एक कळकट बॅग. त्यात पॅडचे तीन जोड, त्यातल्या एकाचा वेल्क्रो गेलेला म्हणून सुतळी. धड हेल्मेट दोन, म्हणजे जे दोघं आत आहेत त्यांच्या डोक्यावर. विकेट पडली की बाद झालेला तणतणत बाहेर येतो, कुंपणाला बॅट आपटतो, आणि पुढचा त्याच्या मागं मागं: “दाजी, हेल्मेट काढ की आधी, मग शिव्या दे!” घामानं भिजलेलं हेल्मेट, त्याच्या डोक्याच्या मापाला आवळलेला पट्टा सैल करायचा. माझं घड्याळ यात अडीच मिनिटं दाखवतं, आणि यात वडापाव कुठंच नाही. दोन विकेट लागोपाठ पडल्या तर विचारूच नका.

ज्याच्याकडं स्वतःचं किट त्याला तीन मिनिटं पुष्कळ. ज्यांचं किट चौघांत फिरतं त्यांच्यासाठी तोच नियम काच होतो. मी पंच असलो तर टॉसला दोन्ही कॅप्टनना विचारतो, किट सामायिक आहे का, आणि पाच मिनिटं ठरवून वहीत लिहून दोघांची सही घेतो. पण ठरवलं नसेल आणि अपील झालं, तर मलाही बोट वर करावंच लागेल. दयाबुद्धीचं कलम पंचाकडं नसतं.

काका, मी कराडचा, अकरावीत. सीमारेषेवर उडी मारून चेंडू हवेत टोलवायचा, बाहेर जायचं, परत उडी मारून आत ढकलायचा, असा झेल मी सरावात पकडतो. हा बंद झालाय म्हणतात. मग सूर्यकुमारचा?

सूर्यकुमारचा नाही बंद झाला. जून २०२४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्यानं मिलरचा चेंडू आत असताना धरला, वर उडवला, बाहेर गेला, आत परत येऊन पकडला. बाहेर असताना चेंडूला हातच लावला नाही. हे पूर्वीही चालत होतं, आताही चालतं.

बंद झालं ते बाहेरच्या बाहेर बेडकासारख्या उड्या मारणं. सीमारेषेबाहेर गेल्यावर हवेत राहून चेंडूला एकदाच हात लावायचा, आणि मग उतरायचं ते आतच. पुन्हा बाहेर पाय टेकला तर चौकार किंवा षटकार. आयसीसीनं हे जून २०२५ पासून सुरू केलं आणि ऑक्टोबर २०२६ पासून ते एमसीसीच्या कायद्यातही.

पण तू खेळतोस तिथं दोरी असते का रे? बहुतेक ठिकाणी चुन्याची रेघ, तीही दुपारपर्यंत फुटलेली, आणि दर वीस पावलांवर एक झेंडा. तुझा पाय रेघेच्या आत होता की बाहेर, हे सत्तर मीटरवरून मी कसं सांगू? पंच तुलाच विचारणार, आणि तू खरं सांगायचं. सराव कर, झकास कर. मात्र बाहेरच्या बाजूला दगड आहेत का, ते आधी बघ.

सातारा. आम्ही पहिल्यांदाच लेदर बॉलची स्पर्धा भरवतोय, बारा संघ. प्रवेश अर्जावर नियम काय छापू? मित्र म्हणतात, ‘आयसीसी नियम लागू’ लिहा, विषय संपला.

विषय संपत नाही, तिथंच सुरू होतो! याच ओळीसाठी थांबलो होतो.

क्रिकेटचे कायदे एमसीसीचे. आयसीसी आपल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी त्यावर स्वतःच्या अटी चढवते, आणि त्या अटींमागं तिसरा पंच, कॅमेरे, राखीव पंच असा सगळा लवाजमा धरलेला असतो. तुमच्याकडं प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि एक माइक. ‘आयसीसी’ लिहिलंत की रनर गेला. कुठल्या आयसीसी अटी, कसोटीच्या, वनडेच्या की टी-ट्वेंटीच्या, तेही लिहिलं नाहीत, की पहिल्याच सामन्यात लेगच्या (फलंदाजाच्या पायांमागून जाणाऱ्या) वाइडवरून जुंपणार. कारण टीव्हीवर दिसतो तो कडक लेग-वाइड कायद्यातला नाहीच. कायद्यात फलंदाजाला नेहमीच्या फटक्यानं पोचता येईल का, एवढंच बघतात. फ्री हिटसुद्धा, म्हणजे नो-बॉलनंतरचा तो चेंडू ज्यावर त्रिफळा उडाला तरी फलंदाज बाद नाही, कायद्यात नाही. लोकांना खरं वाटत नाही. विराट कोहलीच्या स्टंपला मेलबर्नला फ्री हिटवर चेंडू लागला आणि तीन बाय पळाले, हे २०२२ मध्ये सगळ्यांनी बघितलं. आणि तेव्हापासून आपल्याकडं नो-बॉल पडला की अर्ज न वाचताच सगळे फ्री हिटची खूण म्हणून हात गोल फिरवायला लागतात. एका स्पर्धेत मी स्वतः यात अडकलो. संयोजकांनी अर्जावर ‘आयसीसी’ लिहिलेलं, आणि माइकवरून सांगितलं ‘फ्री हिट नाही’. दोन्ही कॅप्टन आपापल्या सोयीचा पुरावा घेऊन माझ्यासमोर उभे. वीस मिनिटं खेळ बंद. शेवटी संयोजक म्हणाले, “पंच, तुम्हीच काय ते बघा.” बघितलं. त्यानंतर मला त्या स्पर्धेचं बोलावणं आलेलं नाही.

तेव्हा असं लिहा: ‘एमसीसीचे प्रचलित कायदे लागू, खालील गोष्टी वगळून.’ आणि खाली तुमच्या अटी मराठीत, एकेका ओळीत. फ्री हिट आहे की नाही, असेल तर फक्त पायाच्या नो-बॉलला की सगळ्यांना. लेगचा वाइड कसा धरणार; त्यासाठी मॅटवर रेघ ओढणार असाल तर स्टंपपासून किती इंचांवर. नव्या फलंदाजाला किती मिनिटं. पावसानं षटकं कमी झाली तर धावांचं गणित कसं करायचं, ते एका वाक्यात. डकवर्थ-लुईस लिहू नका, तुमच्या टेबलावर ते कुणाला येत नाही. पंच तिसऱ्या संघाचे, खेळणाऱ्या दोघांचे नाहीत. बारा संघ आहेत, तेव्हा हे सहज जमेल. नॉनस्ट्रायकरबद्दल वेगळं काही लिहू नका. ‘ताकीद आवश्यक’ वगैरे घातलंत, तर कुणाला किती वेळा दिली याची आणखी एक वही ठेवावी लागेल.

बॅटच्या कडेचं माप चाळीस मिलिमीटर, खोली सदुसष्ट, हे २०१७ पासून कायद्यात आहेच. त्याचा गेज म्हणजे बांगडीच्या मापासारखी एक पट्टी, बॅट त्यातून सरकली पाहिजे. आणलात तर छान, नाही आणलात तर निदान फायनलच्या दिवशी बॅटवरून वाद काढू देऊ नका.

हे सगळं बारीक टायपात मागच्या पानावर मावेल. नाही मावलं, तर पुढच्या पानावरच्या मान्यवरांचे फोटो थोडे लहान करा.